न वितळणारी तार

मी एक जुना फ्यूज आहे. पांढऱ्या चिनीमातीचा, मुठीत मावणारा. कळमनुरीजवळच्या एका गावात, रत्नपालच्या घरी, ओसरीतल्या मीटरच्या फळीवर माझी जागा. मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊ असेल. लाइट गेल्याशिवाय त्याच्याकडे कुणी बघत नसेल.

भट्टीत भाजून मी तयार झालो, तेव्हा माझ्या पोटातून केसासारखी बारीक तार ओवली गेली. वायरमधून वाजवीपेक्षा जास्त वीज धावू लागली, की ही तार वितळायची, विजेची वाट तुटायची आणि घर वाचायचं. वितळणं हेच माझं काम. पण त्याची शाबासकी कधी मिळाली नाही. कूलर चालू असताना पाण्याची मोटार लावली की मी जायचो, आणि रत्नपालची आई चतुराबाई पदराने वारा घेत म्हणायची, "मेला, गेला का पुन्हा!"

शेवटी रत्नपाल कंटाळला. शेतातल्या जळालेल्या मोटारीची जाड तांब्याची तार त्याने आणली, दुहेरी पिळली आणि माझ्यात कसून बसवली. "आता जाऊन दाखव म्हणावं!" सगळं घर हसलं. त्यानंतर मी एकदाही गेलो नाही. माझं फार कौतुक झालं. मला मात्र कुणी तोंडात बोळा कोंबल्यासारखं वाटत होतं.

मग वैशाखातली ती दुपार आली. रत्नपालची बायको ज्योती मागच्या अंगणात कपडे धूत होती. समोरच्या खोलीत तिची तान्ही प्रियदर्शनी झोळीत झोपली होती. झोळी ज्या तुळईला बांधलेली, तिच्यावरूनच मोटारीची वायर गेलेली. ज्योतीने मोटार लावली. मोटार फिरलीच नाही, अडकून नुसती घुमू लागली. अडकलेली मोटार अधाशासारखी वीज ओढते. माझ्यातून लोंढा जाऊ लागला.

"आत्याबाई, पाणी काहून येऊन न्हाई राहिलं?" ज्योतीने सासूला विचारलं.

"येईल ना, दम धर जरा. मोटार वाजून राहिली की."

मी तापलो. वितळ, बाई, वितळ, असं त्या जाड तारेला विनवत राहिलो. ती ढिम्म. तिच्याऐवजी तुळईवरची वायर तापली. तिचं प्लास्टिक मऊ पडलं, फुगलं, धुरावलं. एक काळा थेंब झोळीच्या काठावर पडला.

"आत्याबाई, काहीतरी जळून राहिलं!"

"शेजारी कचरा जाळत असतील, माय."

ज्योती थांबली नाही, धावत आत आली. दुसरा थेंब पडायच्या आत तिने लेकरू उचललं, सासूच्या हातात दिलं आणि माझ्यासमोर आली. तिचे हात ओले होते! मी जिवाच्या आकांताने ओरडलो असतो, पण फ्यूजला कुठलं तोंड? तेवढ्यात ती स्वतःच थबकली. ओसरीतल्या कोरड्या टॉवेलला तिने हात खसाखसा पुसले, चपला पायात सरकवल्या आणि मेन स्विच खाली ओढला.

निरोप मिळताच रत्नपाल धावत घरी आला, पाठोपाठ वसराम वायरमन. वसरामने मला उपसून काढलं, तार पाहिली.

"रत्नपालभाऊ, हा फ्यूज हाय का बैलाचं दावं?"

"रोज जात होता हो. तकलीफ होत होती."

"जात होता म्हणून तर तुमी निवांत होते."

ज्योती लेकराला छातीशी धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "परवा तुमच्या बहिणीच्या घरी पण तुमीच अशी तार बसवून आले ना? करुणाचं लेकरू या टायमाला झोपतं."

रत्नपालने वसरामच्या हातातून मला ओढून घेतलं. मला मुठीत तसाच धरून तो अनवाणी पळाला. मागून वसराम ओरडला, "फ्यूजला हात लावू नका भाऊ, आधी मेन पाडा! आलोच मी!"

पलीकडच्या गल्लीत करुणा दारातच भेटली. "काय झालं, दादा?"

"मेन पाड. आधी मेन पाड!"

खटका पडला. पंखा थांबला, उकाड्याने लेकरू उठलं आणि त्याने भोकाड पसरलं. ते रडणं ऐकत रत्नपाल उंबऱ्यावरच बसला. त्याच्या मुठीला सुटलेला घाम मला लागत होता.

मित्रांनो, फळीला तुम्ही हात लावू नका. फक्त घरातल्या मोठ्यांना विचारा, आपल्या फ्यूजमध्ये कोणती तार आहे? "आपला फ्यूज कधीच जात नाही," असं ते हसून म्हणाले, तर तुम्ही हसू नका. वायरमनला बोलवायला लावा. आजच.