सूर लावणारी पेटी आणि तिसरं कडवं

मी एक जुनी लोखंडी पेटी आहे, मित्रांनो. दागिन्यांची नव्हे, सूर लावायची. गिटारवाले मला ट्यूनर म्हणतात. गिटारची वायर माझ्या एका कानातून आत येते आणि दुसऱ्या कानातून बाहेर जाते. डोक्यावर पाय दिला की मी गिटारचा आवाज तोडते आणि तार चढलीय की उतरलीय ते दिव्यांनी दाखवते. मधला हिरवा दिवा लागला म्हणजे तार सुरात. माझं शिक्षण बेताचंच, सुरांची अक्षरं येतात ती सातच, ए पासून जी पर्यंत. पण त्या सातांत मी कोणाचं ऐकून घेतलेलं नाही.

कारखान्यात एका बाईने माझे दिवे जोडले आणि झाकण आवळताना म्हणाली, "जा, नीट नांद." मी आले ती ताईच्या घरी. ताईची आई गाणारी, ताई साथीला विजेची गिटार वाजवणार. किती सभागृहं पाहिली! खाली माणसांचा कलकलाट, वर ढोलवाला बडवतोय, अशात कानाने सूर लावणार कसा? ताईचा पाय माझ्यावर पडायचा, मी गिटार गप्प करायचे, दिवा दाखवायचे. कार्यक्रम संपला की आई मला पदराने पुसायची. "हिच्यामुळे अब्रू राहिली," म्हणायची. ते मी पोटात जपून ठेवलंय.

मग ताईचा धाकटा भाऊ मोठा झाला आणि त्याने घरातच रेकॉर्डिंगची खोली थाटली. भिंतींना गाद्या, खिडकीला ब्लँकेट, टेबलावर कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरच्या आतच एक ट्यूनर होता. ना वजन, ना वायर, ना बॅटरी! पडद्यावर काटा हलायचा. खोटं कशाला बोलू, नजर माझ्याहून बारीक होती त्याची. धाकटा म्हणाला, "ताई, ही पेटी मधे आली की गिटारचा आवाज मंद होतो." तेही खरंच होतं. सत्य आहे म्हणून काय, तोंडावर बोलायचं? मला खणात टाकलं. बॅटरी काढायचं मात्र कोणाला सुचलं नाही. ती माझ्या पोटात फुटली आणि आत हिरवा गंज चढला.

मला पुन्हा उजेड दिसला तो एका दुपारी. आईच्या घशात गाठ होती. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "आवाज येईल. हाच येईल असं नाही." आईने ताईला आणि धाकट्याला लहानपणी निजवताना एक गाणं जुळवलं होतं. ते कुठेच उतरलेलं नव्हतं, तिच्या गळ्यातच होतं. ते आजच रेकॉर्ड करून धरायचं होतं. त्यातही गळा दमत होता. एकदा गाईल, दोनदा गाईल, मग संपलं.

धाकट्याने पडद्यावर बघून तारा लावून घेतल्या. मग आवाज नको म्हणून एसी बंद केला. तिथेच घोटाळा झाला. गारव्यात लावलेल्या तारा उकाड्यात उतरायला लागल्या. दुसऱ्या कडव्याला आईने हात वर केला.

"अगं, तू खाली कुठे चाललीस? मी येऊ का तुझ्यामागे?"

"थांब आई, परत लावते," ताई म्हणाली. पण धाकट्याने कॉम्प्युटरवर इतक्या करामतींचं ओझं लादलं होतं की काटा एक श्वास उशिरा हलायचा. ताई खुंटी पिळतेय, काटा जागचा हलेना, म्हणून आणखी पिळतेय.

"बास, बास!" धाकटा ओरडला, तोवर तार तुटली.

आईने कोमट पाण्याचा घोट घेतला. तिच्या गळ्यातून निसटता खरखरीत आवाज आला, तो सगळ्यांनी ऐकला.

नवी तार चढवली. पण नवी तार म्हणजे नवीन जावई, जागेवर बसायला वेळ घेणार. पुन्हापुन्हा उतरणार. ताई म्हणाली, "माझी पेटी काढ. गाणं चालू असतानाच पायाशी बघता येईल."

"आवाज मंद होईल, ताई."

"अरे इंजिनीयर," आई म्हणाली, "तुझा मंद झाला तर मंद ऐकू. माझा उद्या असेल का? आण ती पेटी."

धाकटा खणाकडे गेला. माझ्या पोटातला गंज ताईने नखं घासायच्या कानशीने खरवडला. घरात बॅटरी नाही. धाकटा स्टुलावर चढला आणि छतावरच्या, धूर झाला की वाजणाऱ्या घंटेतली बॅटरी काढून आणली. "आता आग लावू नका कोणी," आई म्हणाली. हसायला गेली आणि खोकली. मला वीज लागली. दिवे थरथरले, विझले, मग लागले. खरं सांगते, मी घाबरले होते.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं नीट गेलं. दुसरंही. तिसऱ्याच्या तोंडाशी नवी तार उतरली. तशीच वाजवली तर बेसूर कायमचा कोरला जाणार, आणि थांबलं तर आईचा गळा परत चढणार नाही. ताईने माझ्यावर पाय दिला.

मी गिटार तोडली. आईच्या कानांवरच्या हेडफोनमध्ये काही उरलं नाही. तिने ताईकडे पाहिलं, डोळे मिटले आणि एकटीने कडवं उचललं. खाली ताई खुंटी फिरवत होती. माझा दिवा तांबडा, तांबडा, अजून तांबडा. मी आयुष्यात एवढी कधी ताणली गेले नव्हते. आई शेवटच्या ओळीवर आली आणि माझा हिरवा लागला. ताईने पुन्हा पाय दिला, गिटार परत आली. ती आईच्या सुराला केसभरही खाली-वर न लागता भिडली.

"तिसरं कडवं परत घेऊ या का?" धाकट्याने विचारलं. "शेवटच्या ओळीपर्यंत गिटारच नाहीये त्यात."

"पुरे," आई म्हणाली. त्या गळ्यातून त्या दिवशी आणखी काही आलं नाही.

मित्रांनो, आता आई बोलते, पण जाड, वेगळ्या आवाजात. गात नाही. गाणं रोज लावतात. धाकटा सूर लावायला अजून पडद्यावरच बघतो, आणि माझी त्याला ना नाही. पेटी घ्या नाहीतर कॉम्प्युटर घ्या, पण एसी आधी बंद करा आणि सूर मग लावा. मशीनवर ओझं लादून तिला घाईला जुंपू नका. आम्हाला खणात टाकायचं तर खुशाल टाका, फक्त पोटातली बॅटरी तेवढी काढून घ्या.

गाणं लागलं की पहिल्या दोन कडव्यांत घरातलं बोलणं चालूच असतं. तिसऱ्याला धाकटा स्वतः उठून पंखा बंद करतो. त्या कडव्यात माझं काहीच ऐकू येत नाही. मी तिथे फक्त गिटारला गप्प बसवलं होतं.