अधांतरी चेंडू

रविवारी सकाळी गोल्फ क्लबच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. बाहेर एवढी हिरवळ मोकळी पडली होती आणि शहरातली झाडून सारी शहाणी माणसं एका काचेच्या बरणीभोवती श्वास रोखून उभी होती. बरणीत पाणी होतं. पाण्याच्या बरोबर मधोमध, ना वर ना तळाशी, गोल्फचा पांढरा चेंडू लटकत होता.

"जागा झाला!" चेंडूगुरू गरजला. "झोपलेला चेंडू बुडतो. जागा झालेला आपली जागा आपणच ठरवतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत हा गृहस्थ क्लबच्याच दुकानात पायमोजे विकत होता, हे सगळे सोयीस्करपणे विसरले होते.

मागच्या रांगेत डोळ्यांची डॉक्टर दातओठ खात उभी होती. गोल्फवाल्यांची खुळं तिला नवी नव्हती. निवृत्त न्यायाधीश चार आकडा छापलेल्या चेंडूला हात लावत नसत. बिल्डर आपला चेंडू खेळाआधी तासभर काखेत धरून उबवायचा, आणि वकीलबाई तर आपल्या चेंडूशी लाडेलाडे बोलायच्या. ही खुळं कुणाचं काही बिघडवत नव्हती, म्हणून ती हसून सोडून द्यायची. पण आता प्रश्न तिच्या दादाचा होता.

दादाला काचबिंदू होता. डोळ्यांत रोज थेंब घालायचे, एवढंच पथ्य. पण जवळचा सोपा फटकाही चुकायला लागला, तेव्हा त्यानं बहिणीऐवजी गुरूला विचारलं. गुरू म्हणाला, "दोष तुमच्या डोळ्यांत नाही, चेंडू आंधळा आहे. थेंबांनी तुमच्यात आणि त्याच्यात पडदा येतो." झालं! दादानं चार महिने थेंब बंद ठेवले.

"अरे, तुला उजवीकडचं दिसत नाही म्हणून चुकतंय!" ती सकाळीच त्याच्याशी भांडली होती.

"छोटे, तू शिकलेली आहेस, पण चेंडूतलं तुला काय कळतं?" असं म्हणून तो हॉलमध्ये पहिल्या रांगेत जाऊन उभा राहिला होता.

आता तिला राहवेना. गर्दीतून वाट काढत ती पुढं आली. "पाण्यात काय घातलंय?"

"श्रद्धा!" गुरू हसला. "चाखून बघा ना!" त्यानं अलगद वरवरचं चमचाभर पाणी काढून न्यायाधीशांना पाजलं.

"साधं पाणी आहे," न्यायाधीशांनी निकाल दिला. हॉल खो खो हसला. डॉक्टरचे कान लाल झाले.

पण चमचा बुडाला तेव्हा तिनं एक गोष्ट टिपली होती. बरणीच्या मध्यावर, नेमकी चेंडूच्या उंचीला, पाण्यात एक पुसट रेघ थरथरली होती. एकच पाणी असतं तर रेघ कशाला आली असती? तिनं वकीलबाईंच्या सरबतातली स्ट्रॉ उचलली, धुतली, वरचं तोंड बोटानं दाबलं आणि थेट तळापर्यंत नेली. क्षणभर बोट उचललं, पुन्हा दाबलं आणि भरलेली स्ट्रॉ दादापुढं धरली.

"पाण्याला छेडू नका, चेंडू बिथरेल!" गुरूचा आवाज चिरकला.

"दादा, माझं ऐकू नकोस, त्याचंही नको. तुझी जीभ काय सांगते ते बघ."

दादानं ओढलं आणि गुरूच्या रेशमी झब्ब्यावर थुंकला. "थू! मीठ आहे मीठ!"

"खाली मिठाचं दाट पाणी, त्यावर हळूच ओतलेलं साधं पाणी," डॉक्टर म्हणाली. "चेंडू साध्या पाण्याहून जड आणि मिठाच्या पाण्याहून हलका. म्हणून दोन्हींच्या सांध्यावर अडकतो. त्यात जाग कसली आलीय?" तिनं स्वयंपाकघरातून बटाटा मागवला आणि बरणीत सोडला. तोही चेंडूशेजारी लटकला.

सगळे बरणीवर वाकले. मग बिल्डर चाचरत म्हणाला, "म्हणजे... बटाटाही जागा झाला?"

"बटाट्यानं खेळायला नियमांची हरकत नसावी," न्यायाधीश विचारात पडून म्हणाले. डॉक्टरनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात गुरू मागच्या दारानं पसार झाला.

दुसऱ्या दिवशी दादा तिच्या दवाखान्यात आला. अंधाऱ्या खोलीत नजरेचा आवाका मोजणाऱ्या यंत्रावर हनुवटी टेकवून ठिपका दिसेल तसं बटण दाबत राहिला. उजवीकडं बरेच ठिपके चमकून गेले, बटण वाजलंच नाही. शेजारी उभ्या बहिणीचे डोळे भरून आले.

"चार महिन्यांपूर्वी आलो असतो तर?" त्यानं विचारलं.

"यातलं पुष्कळ वाचलं असतं." ती खोटं बोलली नाही. "गेलेलं परत येणार नाही, दादा. उरलेलं राखायचं. आजपासून थेंब चुकवायचे नाहीत."

"इतकी शिकलेली माणसं होतो आम्ही, छोटे. एकानंही विचारलं नाही, हे होतं कसं?"

"हे होतं कसं?" एवढंच तर विचारायचं असतं, आणि वेळेवर विचारायचं असतं. विचारल्यानं खरं असेल ते कुठं जात नाही. न विचारल्यानं मात्र डोळे जातात.