आतल्या बाजूची कडी

दुकानात जाळीचे दरवाजे ओळीने उभे होते, प्रत्येक आपापल्या चौकटीत, आणि मागे घर मात्र एकालाही नव्हतं. दुकानदाराने एका जाळीवर हातोडीचे टोले हाणले. जाळीला साधा पोचासुद्धा आला नाही.

"लाथ मारून बघा, आजी," तो म्हणाला.

सासूबाईंनी जन्मभरात बऱ्याच गोष्टींना मनातल्या मनात लाथा मारल्या होत्या, पण दरवाजाला मारायची त्यांची तयारी नव्हती. शिवाय त्यांचं लक्ष जाळीकडे नव्हतंच, ते सुनेकडे होतं. सून खटका वरखाली करत दुकानदाराला विचारत होती, "पण आतून उघडायला किल्ली लागत नाही ना?" हेच तिने मघाही विचारलं होतं.

पाणी कुठेतरी मुरतंय, हे सासूबाईंना आठवडाभर ठाऊक होतं. आठवड्यापूर्वी एकदा सून गॅलरीत उभी राहून फोनवर बोलत होती आणि सासूबाई आत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. घड्या कसल्या, एकच टॉवेल पुन्हा पुन्हा. "तुमच्याकडे किती वृद्ध आहेत? आणि कोणी उठून बाहेर जायला लागलं तर काय करता?" एवढं स्पष्ट ऐकू आलं. मग सून गॅलरीचं दार लोटून बोलू लागली.

दोनच दिवसांनी सुनेने जेवताना विषय काढला, मागच्या गल्लीत चोरी झाली आहे, आपल्याला जाळीचा दरवाजा हवा. सासूबाईंनी मागची गल्ली पालथी घातली. कुणाचा चमचा हरवला नव्हता. त्यातून आज कामाचा दिवस, तरी मुलगा रजा टाकून घरी थांबला होता. का, तर आबांशी गप्पा मारायला. बापाशी सलग दोन वाक्यं कधी न बोललेला मुलगा. सासूबाईंच्या मते तो बायकोच्या ओंजळीने पाणी पिणारा होता आणि त्या ओंजळीत आता वृद्धाश्रम होता.

आबा म्हणजे सासूबाईंचे यजमान. आयुष्यभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली आणि आता त्यांना वेळकाळाचं भान राहत नव्हतं. दोनदा ते न सांगता घराबाहेर पडले होते. पहिल्यांदा सासूबाईंनीच त्यांना कोपऱ्यावरून वळवून आणलं. दुसऱ्यांदा औषधाच्या दुकानदाराने हाताला धरून आणून सोडलं, आणि नेमकी सून दारात. "मीच पाठवलं होतं गोळ्या आणायला," सासूबाई म्हणाल्या होत्या. आबांच्या पायात चपला नव्हत्या. सून काही बोलली नाही, म्हणून सासूबाईंनी गृहीत धरलं की झाकली मूठ सव्वा लाखाचीच राहिली.

आता ती मूठ उघडायचा हा डाव, असं त्यांनी ओळखलं. आतून नुसत्या खटक्याने उघडणारा दरवाजा बसवायचा. आबा पुन्हा बाहेर पडणार. मग सून डोळ्यांना पदर लावून म्हणणार, बघा, आता घरी ठेवणं शक्य नाही. पन्नास वर्षं शेजारी झोपलेला माणूस कुणा परक्याच्या खोलीत नेऊन ठेवायचा, हे सासूबाई होऊ देणार नव्हत्या.

म्हणून त्या पुढे झाल्या. "आतूनही किल्लीच हवी," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "चोराने जाळी कापून हात घातला आणि खटका फिरवला तर?"

"जाळी कापली जात नाही, आजी. आत्ता बघितलंत ना?"

"चोर काय तुमची हातोडी घेऊन येणारेत? किल्लीच हवी. आणि ती माझ्याकडे राहील."

"किल्ली नको," सून म्हणाली. "घरात आग लागली, धूर झाला, तर किल्ली शोधत बसायचं का?"

"चोर आला तर?"

"चोर येत नाहीये, आई."

"मागच्या गल्लीत आला होता ना? की तिथूनच परत गेला?"

दुकानदार शहाणा होता. तो बिजागऱ्या पुसायला लागला.

सुनेने सासूबाईंचा दंड धरून त्यांना दरवाजाच्या पलीकडे नेलं, म्हणजे दुकानाच्याच दुसऱ्या अर्ध्या भागात. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं," ती हळूच म्हणाली. "मीही लपवलं, तुम्हीही लपवताय. आबा बाहेर जातात ते मला माहितीये. तुम्ही अंघोळीला गेलात की मी दाराशी बसते. भाजी निवडायला उजेड बरा पडतो, असं तुम्हाला सांगते."

"मग तो फोन?" सासूबाईंनी विचारलं.

"ऐकलात होय?" सून किंचित हसली. "वृद्धाश्रमवाल्यांना रोजची सवय असते, म्हणून विचारलं, तुमच्या दाराला काय करता. तिथली बाई म्हणाली, कडी वर बसवा, नजरेच्या वर. असे लोक वर बघत नाहीत. आपले आबा तर काय, घड्याळांत मान घालून घालून वाकलेलेच. जाळीतून रस्ता बघत बसतील. आपल्याला पटकन उघडता येईल, किल्लीबिल्ली नको."

सासूबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. एवढ्या वर्षांची सवय, ती एका वाक्यात जाते थोडीच? "आणि ह्यांचं आणखी बिघडलं तर?"

"तर आणखी एक कडी बसवू."

तिने दुकानदाराला हाक मारली. "कुलपाला खटकाच ठेवा. त्याशिवाय आतून वर एक कडी हवी. उंची आईंच्या हाताने ठरवा. आई, हात वर करा बरं."

सासूबाईंनी हात वर केला. दुकानदाराने पेन्सिल टेकवली.

"इथे नको," सून म्हणाली. "चार बोटं खाली घ्या. दहा वर्षांनी त्यांचा हात एवढा वर जाणार नाही."

"दहा वर्षं?" सासूबाई म्हणाल्या.

"का? तुम्हाला कुठे जायचंय?"

सासूबाईंना रडू फुटलं. भर दुकानात, परक्या माणसासमोर त्या रडल्या. हात मात्र त्यांनी खाली घेतला नाही, कारण खूण अजून व्हायची होती.