डॅशबोर्डमागून येणारा वास

मी पिकअपमधली कूलिंग कॉईल बोलतेय. एसी थंड लागला की लोक बटणाचं कौतुक करतात, गाडीचं करतात. माझी आठवण होते ती घाम फुटल्यावरच. असो, आज रुसायला वेळ नाही. माझ्या अंगातून गॅस गळतोय आणि माझ्यासमोरच्या सीटवर, आईच्या मांडीवर, आठवड्याचंही न झालेलं बाळ झोपलंय.

जन्म माझा कारखान्यातला. डॅशबोर्डच्या मागे एका काळ्या पेटीत मला बसवलं आणि तिथंच माझा संसार सुरू झाला. काम साधं. माझ्या नळ्यांतून गॅस फिरतो, मी गार पडते, पंखा माझ्यावरून हवा फेकतो.

मालक वडनेरचे रूपराव. हिंगणघाटच्या बाजारात भाजीपाला नेतात. माणूस मायाळू, पण धीर म्हणाल तर नावालाही नाही. गाडी बाहेरून रोज धुतील, आरशाला हार घालतील, मला मात्र एकदाही साफ केलं असेल तर शपथ! धूळ साचली, कापसाचे तंतू अडकले, त्यात ओल धरली. त्या ओलीनं माझी एक नळी सडली, तिला भोक पडलं. गॅस उडून गेला आणि ऐन नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांत, गाडीत भट्टी पेटली.

काल रूपरावांनी गाडी नीलेश मेकॅनिककडे नेली. पोरगा हुशार. स्टेअरिंग उतरवलं, वायरी सोडवल्या, अख्खा डॅशबोर्ड खाली ठेवला आणि मला बाहेर काढलं. कित्येक वर्षांनी मी ऊन पाहिलं.

"काका, ही सडली. नवी नागपूरवरून बोलवा लागन. दोन-चार दिवस थांबा."

"थांबू कसा? उद्या माह्या काजलले दवाखान्यातून सुट्टी हाय. पह्यली नात हाय माही! तिले झळ लागू देऊ काय? काहीबी कर, पण उद्या गाडी ठंडी पाह्यजे."

नीलेश जरा घुटमळला. मग त्यानं माझ्या भोकावर राखाडी मसाला थापला. त्याच्याकडचा एसीचा गॅसही संपला होता, म्हणून स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस माझ्यात भरला. अरे बाबांनो, हे काय करताय! मी ओरडत होते, पण आमचं ओरडणं माणसांना ऐकू येतं थोडंच?

"हा गॅस पेटते, काका. अंदर बिडी नोका ओढू. नवी कॉईल आली का लगेच येजा."

"नातीची आण. बिडीले हात नाई लावत."

आज सकाळी मी अशी गार पडले की रूपराव खुशीत एकटेच गुणगुणत वर्ध्याला आले. दवाखान्याच्या आवारात काचा बंद करून त्यांनी गाडी भर उन्हात उभी केली. डॅशबोर्ड तापला, मसाला सुटला. गॅस हळूहळू बाहेर पडला आणि सीटखाली, पायांपाशी साचत गेला. मला भीती वाटत होती, अजून वाटतेय.

मग रूपराव काजलला घेऊन आले. जावई सचिन सामानाबरोबर मागे हौद्यात चढला. काजल बाळाला घेऊन पुढे बसली आणि तिनं नाकाला पदर लावला.

"बाबा, वास काऊन येऊन राह्यला? शेगडी उघडी राह्यल्यावानी."

"नवा गॅस भरला ना बाई, त्याचाच असन. थांब, अगरबत्ती लावतो. वासबी जाईन, अन् लक्ष्मीची पह्यली फेरी हाय."

"अवो, मेकॅनिकनं पेटवाले मनाई केली म्हनत होते ना तुम्ही?"

"ते बिडीले. हे तं देवाचं काम हाय."

काय म्हणावं या माणसाला! आगीला कळतं का, देवाची काडी कोणती आणि बिडीची कोणती?

त्यांनी आपल्या बाजूची काच खाली करून खिडकीशी काडी ओढली. बाहेरून झळ आली आणि काडी पेटता पेटताच विझली. जिच्याशी मी जन्मभर भांडले, त्या झळेचे पाय धरावेसे वाटले मला.

"हवा लय हाय," रूपराव म्हणाले, आणि काच वर करू लागले.

काजल, माझं ऐकू येत नसेल तर आपल्या नाकाचं ऐक. बापाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नकोस. दाराची कडी तुझ्या हाताशी आहे. बाळाला छातीशी धर आणि उतर. बाहेर ऊन आहे, असू दे. उन्हातलं लेकरू सावलीत नेता येतं. मला मग खुशाल भंगारात टाका, माझी काही तक्रार नाही.

काच बंद झाली. काडेपेटीतून दुसरी काडी निघाली आहे. उतर, माय, उतर!