नखाचा ठसा

कंपनी बायकोच्या भावाची, म्हणून भावोजींना तिथे मान होता, मत नव्हतं.

त्यांचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमधल्या जुळ्या फायली शोधायचं, एक ठेवायचं आणि बाकीच्या पुसायचं. दोन फायली एकच आहेत हे ठरवायचं कसं, यावरून दोघांचं वाजलं होतं. भावोजी म्हणत, आधी हॅश काढा, म्हणजे फाइलचा छोटासा ठसा. ठसे जुळले तर पुसण्याआधी दोन्ही फायली बाइट न् बाइट ताडून बघा. मेहुण्याला ताडून बघण्याचा तिटकारा. वेळ जातो. उलट त्याने ठसासुद्धा फाइलच्या सुरुवातीच्या तुकड्यावरूनच काढायला लावला.

"भावोजी, बोटाचा ठसा जुळला की माणूस तोच. पोलीससुद्धा मानतात."

"अरे, पण तू ठसा नखाचा घेतोयस!"

"ताई म्हणतेच, तुम्ही कशातही खोट काढता."

आज दातांच्या डॉक्टरबाई आपल्या एक्स-रेंची हार्ड डिस्क घेऊन आल्या. मूळ साठा, दुसरी प्रत नाही. मेहुण्याने शोध सुरू केला. बाई नीट टेकून बसायच्या आत निकाल आला: ठेवायची फाइल एक, पुसायच्या बाकी सगळ्या.

भावोजी पडद्यावर वाकले. एक्स-रे एकाच मशीनचे. सगळ्या फायलींच्या सुरुवातीला मशीनचं नाव, मग काळी किनार. दात बिचारे बरेच पुढे सुरू होत होते.

"बघा मॅडम, केवढी जागा मोकळी!" मेहुण्याने बाण 'पुसा'कडे नेला.

"अहो, माझ्या सगळ्या पेशंटना मिळून एकच जबडा?"

भावोजींनी मेहुण्याच्या हातातून माउस हिसकावला, गिऱ्हाइकादेखत. "मॅडम, डिस्क घ्या आणि निघा."

त्या गेल्यावर मेहुणा भडकला असता तर बरं झालं असतं. तो खुर्चीत रेलून गोड हसला.

"पटलं, भावोजी. तुमचं ताडून बघणं बसवूया. महागड्या आवृत्तीत. नाव 'खात्री'."

"आणि स्वस्तातली घेतील त्यांचं काय?"

"त्यांच्यासाठी खाली बारीक अक्षरांत लिहू ना काहीतरी."

खरकट्यात हात पडावा तसं भावोजींना झालं. त्यांनी तिथल्या तिथे कोड उघडला आणि स्वस्त आवृत्तीतलं 'पुसा' बटणच उडवलं.

"मग ते सॉफ्टवेअर करणार काय?"

"जुळी दाखवेल. गळा घोटणार नाही."

मेहुण्याने त्यांच्याकडे बघत फोन उचलला आणि ताईला लावला.