मागाचा न धुतलेला पाय

मी एक जुना माग आहे. विजेवर चालणारा, बिडाच्या लोखंडाचा, चार पायांचा. बेळगावच्या खासबागेत कौलारू घरांची एक गल्ली आहे. तिच्या अगदी शेवटच्या घरात, रस्त्याकडच्या खोलीत मी उभा असतो. माझ्या मागच्या भिंतीपलीकडे नाला आहे. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकताना नाकाला रुमाल लावावासा वाटला तर खुशाल लावा. माझ्याकडे आलेल्या मोठ्या माणसांनीही लावला होता.

माझा जन्म ओतशाळेत झाला. तापलेलं बीड साच्यात ओतलं, गार झालं, घासलं, आणि माझे पाय तयार झाले. पहिली वर्षं इचलकरंजीच्या एका मोठ्या शेडमध्ये गेली. तिथं माझ्यासारखे पुष्कळ होते आणि सगळे एकदम ओरडायचे, म्हणून कुणाचंच कुणाला ऐकू यायचं नाही. पुढं मालकानं नवे माग घेतले आणि मला काढलं. या घरच्या जोतिराम विणकरानं मला टेंपोत घालून इकडं आणलं. त्याच्या वडिलांचा खड्ड्यातला हातमाग होता. तो खड्डा मुरूम टाकून बुजवला आणि त्यावर मला उभं केलं. म्हणजे एका मागाच्या जागेवर दुसरा माग आला.

इथं मला पहिल्यांदा सुख मिळालं. जोतिराम ताण्याचे उभे धागे जोडायचा, त्याची बायको ताराबाई कांड्यांवर सूत भरायची. माझा धोटा आडवं सूत घेऊन इकडून तिकडं धावायचा आणि साडी पुढं सरकायची. जांभळी, मोरपंखी, आंब्याच्या रसासारखी. रविवारच्या बाजाराला आलेल्या बायका दारात थांबायच्या, पदर बोटांत धरून म्हणायच्या, "आक्का, लई मऊ निघालीया गं." तेव्हा जोतिराम माझ्या पाठीवर थाप मारायचा. लोखंडाला थाप कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी कुणाच्या घरी उमेदीची वर्षं काढलेली नाहीत.

आता या घराची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. विणकराच्या घरी माग घाण ठेवत नाहीत. चप्पल घालून त्याच्याजवळ जात नाहीत. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लावून नारळ फोडतात ते वेगळं, पण एरवीही बाहेरचं माणूस यायचं असलं की आधी माग पुसायचा आणि मग उंबरा झाडायचा. ताराबाईच्या सासूनं हे तिला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. हातात केरसुणी देऊनच शिकवलं.

मग पाऊस बदलला. पूर्वी तो आठवडाभर रिपरिपायचा. आता महिनाभर तोंड दाखवत नाही आणि एका दुपारी सगळा कोसळतो. वरच्या अंगाला सगळीकडं सिमेंट झालं आहे, पाणी मुरायला जागा नाही. ते सगळं आमच्या नाल्यात येतं, आणि नाला आमच्या घरात.

पहिल्यांदा तो आला तेव्हा माझ्यावर निम्मी विणलेली साडी होती. पाणी म्हणतात म्हणून मीही पाणी म्हणतो, पण ते पाणी नव्हतं. काळं, दाट, फेसाळ. त्यात शहरानं जे जे टाकलं होतं ते ते होतं. पिशव्या, मेलेली घूस, पोरांचे लंगोट, कुठल्यातरी हॉटेलचं कुजकं तेल. ते माझ्या पायांवरून वर चढलं, मोटरीत शिरलं, साडीत मुरलं. दुसऱ्या दिवशी ते उतरलं आणि गाळ ठेवून गेलं. माझ्या सांध्यासांध्यांत किडे वळवळत होते. मी लोखंड आहे, मला ओकता येत नाही. ताराबाई मात्र मोरीत जाऊन ओकली, तोंड धुतलं आणि पदर खोचला.

साडी आणि सगळं सूत सडलं होतं. वास सहन होईना म्हणून जोतिरामनं ते उकिरड्यावर नेऊन टाकलं. मोटर खोलून दुरुस्तीला दिली. तेवढ्यात निरोप आला की साहेब लोक नुकसान बघायला येणार आहेत.

ताराबाईनं राख घेतली, रॉकेल घेतलं आणि मला घासायला बसली.

जोतिराम म्हणाला, "ऱ्हाऊ दे की गं. हाय तसं बघू देत."

"आनि भायरच्या मानसाला घान माग दावू? तुमची आई सरगातनं केरसुनी फेकून मारंल मला."

"अगं पन नुकसान बघायला याल्यात त्ये."

"बघू देत. तोंडानं सांगू. तोंड दिलंय की देवानं."

तिनं मला असं घासलं की माझ्या अंगावर तिचं तोंड दिसायला लागलं. पायांना कुंकू लावलं. शेजारच्या परशरामच्या घरी तेच, त्याच्या पलीकडं तेच. अख्ख्या गल्लीतले माग नवरदेवासारखे चकचकीत झाले.

साहेब म्हणजे चिन्मय नावाचा तरणा माणूस निघाला. टिळकवाडीचा, बोलायला मऊ. महापालिकेनं नेमलेल्या एका सल्लागार कंपनीत नोकरीला होता. त्यानं चपला बाहेर काढल्या, हे मला आवडलं. त्यानं नीट समजावून सांगितलं. हवामान बदलतं आहे, म्हणून शहरासाठी आराखडा करायचा आहे. या बाजूला नाला रुंद करून भिंत बांधता येईल. पण तिला खर्च फार आहे. भिंत नसल्यानं किती नुकसान होतं ते आधी बघायचं. नुकसान भारी भरलं तर भिंत होणार, हलकं भरलं तर नाही.

"काकू, हा माग चालू स्थितीत आहे?"

ताराबाईला कुणीतरी पोराच्या तब्येतीचं विचारल्यासारखं झालं. ती म्हणाली, "न चालायला काय झालं त्येला? मोटर येऊ द्या, पळतोय बगा कसा."

"सूत बुडालं म्हणालात, ते कुठं आहे?"

"टाकलं की हो. वास मारत हुतं."

चिन्मयनं माझे फोटो काढले. पुढून, मागून. मी सुंदर दिसत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात परशराम त्या आराखड्याच्या बैठकीला जाऊन आला आणि आमच्या उंबऱ्यावर बसून हसत सुटला. हसताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "जोतिआण्णा, आपल्या गल्लीचं नुकसान 'नगण्य' भरलंय. फोटो लावल्यात भिंतीवर, ह्येवढं मोठं. माग काय चमकतायत रं! एक बाई मला म्हनाली, किती छान ठेवलंय तुम्ही."

भिंत झाली नाही. खर्चापुढं नुकसान हलकं पडलं होतं.

मित्रांनो, खर्च मोजू नये असं मी म्हणत नाही. विणकराच्या घरी सूत मोजून घेतात आणि कापड मोजून देतात. पण ताराबाईचं ओकणं, दुरुस्तीला गेलेली मोटर, बंद पडलेले दिवस, अर्ध्या भाकरीवर काढलेल्या रात्री, यातलं काहीच काट्यावर गेलं नाही. गेलं ते फक्त तिचं घासणं. आणि तेही उलट्या पारड्यात.

त्या पावसाळ्यात नाला परत आला. या खेपेला आणखी वर, माझ्या फणीपर्यंत, म्हणजे माणसाच्या कमरेपर्यंत.

पाणी उतरल्यावर ताराबाई राख घेऊन आली, माझ्यासमोर बसली आणि तशीच बसून राहिली. मग राखेचं टोपलं बाजूला सारलं.

"न्हाय धुवायचा," ती म्हणाली. "आसाच ऱ्हाऊ दे. आता म्हनू देत छान हाय म्हनून."

ते दिवस मला आठवायलाही नको वाटतात. गाळ सुकला, तडकला, त्याखाली ओल राहिली आणि ती सडली. माझ्यावर माशा बसायच्या त्या उठायच्याच नाहीत. आतल्या खोलीत ताराबाई भाकरीचा तुकडा तोंडाशी न्यायची आणि खाली ठेवायची. जाता येता माझ्याकडं बघायची नाही. एकदा नुसती म्हणाली, "माफ कर बाबा." मी या घरात उभा राहिल्यापासून मला कुणी असं ठेवलं नव्हतं. आमच्या भिंतीसाठी आम्ही घाणीत बसलो होतो. गल्लीतला एकूण एक माग तसाच बसला होता.

चिन्मय आला. सोबत त्याच्या वरच्या निवेदिता मॅडम होत्या. त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. रुमाल नाकाला लावून तिथूनच बघत होत्या. मी त्यांना दोष देत नाही. मला नाक असतं तर मीही तेच केलं असतं.

"हा किती जुना?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ जुना आहे, मॅडम. घसारा धरला तर किंमत शून्य येते."

"म्हणजे नुकसानही शून्य. वीज किती खातो?"

"नव्या मागापेक्षा बरीच जास्त."

"मग हा बंद पडला तर वीज वाचेल, तिच्यासाठी जळणारा कोळसा आणि धूर कमी होईल. ते लाभात धर."

जोतिराम दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो सरळ झाला. "म्हंजे मॅडम, आमचा माग बुडला ह्यो फायदा?"

"तसं नाही हो काका. ही हिशोबाची पद्धत असते. पैसा एकच आहे. भिंतीत घातला तर दवाखान्यातून काढावा लागतो, शाळेतून काढावा लागतो. तुम्हीच सांगा, काय करायचं?"

हे त्या काही खोटं बोलत नव्हत्या, आणि म्हणूनच मला जास्त किळस आली. खोटं असतं तर जोतिराम भांडला असता. त्यांनी खरं पारडं उचललं होतं आणि त्यात आम्हाला ठेवायचं तेवढं विसरल्या होत्या. धुतलेला होतो तेव्हा माझं काही बिघडलं नव्हतं. घाण झालो तर मी भंगार होतो. आणि मेलो तर शहराचा फायदा होता. नाल्याच्या गाळाला नुसता वास असतो. या बोलण्याला अत्तराचा वास होता.

ताराबाईनं माझ्या पोटातून धोटा काढला. त्याच्या खोबणीत गाळ भरला होता. तो तिनं मॅडमपुढं धरला. "जरा हातात घ्या. हलकाच हाय."

"नको, नको. असू दे." मॅडम मागं सरकल्या.

"किंमत केलीसा न्हवं त्येची? मग घ्या की. दुकानात लुगडं बी हात लावल्याबिगार घेत न्हायसा तुमी."

मॅडम गाडीकडं वळल्या. चिन्मयनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि तो त्यांच्या मागून गेला.

त्या संध्याकाळी ताराबाईनं पुन्हा राख घेतली.

"धुतलास तर परत म्हनतील काय बी झालं न्हाय," जोतिराम म्हणाला.

"म्हनू देत. धुतला तरी त्येंचंच, न्हाय धुतला तरी त्येंचंच. मग मी कशापायी घानीत ऱ्हाऊ?"

बादल्यांवर बादल्या ओतून तिनं मला घासलं. पोट, फणी, पट्टा, धोटा. तीन पाय लख्ख केले. चौथ्या पायाशी आली आणि थांबली. दाराजवळचा पाय, आत येणाऱ्याला पहिल्यांदा दिसतो तो. त्याला तिनं हात लावला नाही. बादली उचलून ती आत गेली.

जोतिराम आणि परशराम यांनी पहार लावून एकेक पाय उचलला आणि मला विटांवर चढवलं. गल्लीत बाकीच्यांनीही तसंच केलं. मोटर दुरुस्त होऊन आली, मी पुन्हा चालू लागलो. पण तो एक पाय तसाच राहिला, वर फणीच्या उंचीपर्यंत काळा. खंडेनवमीला तीन पायांना कुंकू लागलं आणि चौथ्याला लागलं नाही. माझ्यासारख्या स्वच्छ घरातल्या मागाला हे किती लागलं ते मी सांगत बसत नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर चिन्मय आला. एकटाच. मला विटांवर बघून त्याचा चेहरा उतरला.

"काका, तुम्ही माग वर चढवलेत. आता पुढच्या वेळी नुकसान आणखी कमी येणार. भिंतीची गरज नाही असं लिहितील ते."

परशराम दारातून ओरडला, "आता काय मुद्दाम बुडू म्हनतोस व्हय रं?"

चिन्मय विटा बघायला खाली वाकला. मग त्याला माझा चौथा पाय दिसला. "काकू, हा पाय धुवायचा राहिलाय तुमचा."

"ऱ्हायला न्हाय. ठेवलाय. तुझ्यासाठीच ठेवलाय. लाव हात."

तो खाली बसला. या घरात येऊन माझे इतके फोटो काढले, पण त्याचा हात माझ्या अंगाला आज पहिल्यांदा लागला. त्यानं दमट हवेनं पुन्हा ओलावलेल्या काळ्या पायावर तळवा टेकला आणि नकळत तो नाकाशी नेला. त्याचं तोंड वाकडं झालं. मग इकडं तिकडं बघत म्हणाला, "काकू, एखादं फडकं?"

"फडकं मिळायचं न्हाय," ताराबाई म्हणाली. "चहा दिती, बस. पन हात आसाच घिऊन हापिसात जायाचा. मॅडमना नमस्कार करायचा त्याच हातानं. आनि मग लिव्हायचं काय लिव्हायचं त्ये."

चहा त्यानं डाव्या हातानं घेतला. जाताना उजवा हात अंगापासून लांब धरून गेला. पुढं त्यानं काय लिहिलं ते मला माहीत नाही. एवढं खरं की भिंत अजून झालेली नाही, आणि वरच्या अंगाला आज सकाळपासून अंधारून आलं आहे.

मित्रांनो, मी जुना आहे, वीजही जास्त खातो, हे मला मान्य आहे. मला काढून नवा माग द्या, मी कुरकुर करणार नाही. पण मला बुडवून ते बुडणं तुमच्या फायद्यात लिहू नका. उद्या तुमच्यापैकी कुणी मोठ्या खुर्चीवर बसेल, कशाला किती खर्च करायचा ते ठरवील. ठरवायच्या आधी ज्याचा भाव करायचा त्याच्या घरी जा, चपला काढा, आणि त्याला हात लावून बघा. ताराबाई फडकं देणार नाही. तिला तिचा माग धुवायचा आहे, आणि तुमचा हात पोचेपर्यंत एक पाय तिला घाण ठेवावा लागतो आहे.