दोन ठोक्यांची उडी

एकोणीसशे त्र्याहत्तर साली, मार्चमधल्या एका रविवारी सकाळी, ती आणि तिचा मोठा भाऊ चार वर्षांनी एकमेकांशी बोलले. पहिलं वाक्य भावाचं होतं.

"चुकतेस तू."

दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती. तिथे बँडची तालीम चालायची. डॉक्टर सॅक्सोफोन वाजवत, केस कापायच्या दुकानातली बाई गात असे, आणि भाऊ ड्रमवर. तिच्या गळ्यात वडिलांची बास गिटार होती. तालमीचा तिचा पहिलाच दिवस.

"कुठे चुकते?" तिने भिंतीला विचारलं.

"सूर चढताना. दोन ठोके जास्त घेतेस. तिथे उडी आहे."

"उडीबिडी काही नाही. रेकॉर्डवर सरळ आहे."

"बाबांनी मारलेली उडी अख्ख्या डेपोला पाठ आहे. तुलाच तेवढी माहीत नाही."

त्याने 'बाबा' म्हटलं आणि तिच्या कानशिलात काहीतरी तडतडलं. गेली चार वर्षं हा शब्द तिने त्याच्या तोंडून ऐकला नव्हता, आणि ऐकायचाही नव्हता.

वडील बस डेपोत फिटर होते आणि शनिवारी संध्याकाळी डेपोच्या क्लबात बास वाजवायचे. बोटीवर काम करणारा त्यांचा एक दोस्त दर खेपेला अमेरिकेतल्या सोल गाण्यांच्या रेकॉर्डी आणायचा. वडिलांना ना त्यांची भाषा यायची ना नोटेशन. रेकॉर्ड लावायची, डोळे मिटायचे आणि तळाशी चाललेला तो जाड, गोल आवाज शोधत बसायचं. "लोकांचे कान गाणाऱ्याकडे असतात," ते म्हणायचे, "पाय कुणाचं ऐकतात ते बघ." मुलगा हाताशी आला तसा त्याला ड्रमवर बसवला. मुलीला कुणी बसवलं नाही. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली, तिथल्या बायकांच्या होस्टेलवर राहायला गेली, आणि शनिवारची संध्याकाळची ड्यूटी नव्या मुलींच्या गळ्यात पडते तशी तिच्याही पडली ती कायमची. क्लबातला नाच तिने कधी पाहिलाच नाही.

तेव्हा फोन म्हणजे डायल फिरवून लागणारी गोष्ट नव्हती. रिसीव्हर उचलला की एक्स्चेंजमधल्या बोर्डावर दिवा लागायचा. मग तिथली बाई जोडणीची दोरी खुपसून म्हणायची, "नंबर?" गावातली बाळंतपणं, भांडणं, मोडलेली लग्नं, मेलेली माणसं, सगळं तिच्या हातातल्या दोऱ्यांतून जायचं. ऐकायचं नाही हा नियम होता. पण जोडून देताना पहिले दोन शब्द कानावर पडायचेच.

असेच ते पडले. एका संध्याकाळी क्लबच्या सेक्रेटरीने डॉक्टरांचा नंबर मागितला. तिने जोडून दिला, आणि बोर्डावरची ऐकायची कळ वर करायच्या आत ऐकलं, "डॉक्टर, आपला बासवाला गेला हो. दुपारीच."

वडील दुपारी गेले होते. भाऊ हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी होता. हॉस्पिटलच्या दारात फोन होता. दिवसभर परक्यांच्या मरणाच्या बातम्या पोचवणाऱ्या बाईला तिच्या बापाची बातमी सेक्रेटरीकडून कळली, तीही दुसऱ्याला सांगताना. हेडफोन काढून ती सरळ चालत घरी गेली. वहिनीने दार उघडलं. भाऊ आत बसला होता. तिने त्याला काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून ते तसंच राहिलं.

वाटणीत फारसं काही नव्हतं. रेकॉर्डींचा खोका त्याने उचलला, तेव्हा तिने कोपऱ्यातली बास उचलली.

"तिला काय करायचीय ती?" तो बायकोला म्हणाला. ती समोर उभी असताना. "अडगळ नुसती."

एवढ्या एका वाक्यावर ती बास शिकली. आवड म्हणून माणूस एवढं शिकत नाही.

होस्टेलच्या खोलीत ॲम्प्लिफायर कुठला? बासचं लाकूड कपाटाला टेकवून बसलं की कपाटच घुमायचं. शेजारच्या खोलीतली भांडी थरथरत. मेट्रनने दोनदा प्लंबर बोलावून पाण्याचा पंप उघडवून पाहिला. तारा बोटभर जाड वाटायच्या. डाव्या हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. बोर्डावरच्या मुली म्हणायच्या, "अगं, हाताला काय लावलंयस? कुणी चावलं का?"

रेकॉर्डी तिच्याकडे नव्हत्या. भावाकडे मागणं शक्य नव्हतं. रेडिओच्या दुकानदाराला तिने आठवड्यातले तिचे दोन मोकळे दिवस दुकान झाडून द्यायचं कबूल केलं, आणि त्याने तीच गाणी दुकानातल्या नव्याकोऱ्या रेकॉर्डींवर ऐकू दिली. बास नीट कानात शिरेना, तेव्हा तिने एक युक्ती काढली. रेकॉर्ड जोराच्या वेगावर लावायची. गाणारी बाई चिमणीसारखी चिवचिवायला लागायची, पण तळाला बुडालेला बास वर यायचा, त्याचा एकेक सूर उघडा पडायचा. तो गुणगुणत होस्टेलवर जायचं आणि तारेवर पुन्हा खाली उतरवायचा. वडिलांनी तारांखाली, बुडाशी, स्पंजचा एक तुकडा कोंबून ठेवला होता. तिने आधी तो कचरा समजून काढला, तर आवाज घंटेसारखा वाजत राहिला, थांबेचना. परत कोंबला. तेव्हा तिला कळलं की या गाण्यांत सूर लावण्याइतकंच तो वेळेवर बंद करणं महत्त्वाचं असतं. वडील उजव्या हाताचं एकच बोट वापरायचे. तीही एकच वापरायची.

एक गोष्ट मात्र जमत नव्हती. ती पुढे पळायची. ओळ बरोबर, सूर बरोबर, पण शेवटाला गाण्याच्या आधी पोचायची. भाऊ डोळ्यांसमोर आला की बोट तारेवर आपटायचं आणि धावायचं. "भांडायला निघाल्यासारखी वाजवतेस," डॉक्टर तिला नंतर म्हणाले. "राग ठेव, पण त्याला बसायला सांग."

ती दाढ दाखवायला गेली तेव्हा डॉक्टरांना तिच्या बोटांवरच्या घट्ट्यांवरून कळलं, ही बास वाजवते. वडिलांनंतर आलेला बासवाला दुसऱ्या गावी निघून गेला होता. त्यांनी तिला बोलावलं, आणि भावाला ते तालमीच्या दिवशीच सांगितलं.

तर आता त्या खोलीत भाऊ उठला आणि बाहेर पडला. गायिका म्हणाली, "गेला वाटतं." पण तो घरून वडिलांची रेकॉर्ड घेऊन परत आला. डॉक्टरांच्या ग्रामोफोनवर त्याने ती लावली. बास चढायला लागला, आणि मध्येच टक् आवाज झाला. सुई उडाली. बास थेट वरच्या सुरावर.

"ऐकलंस?"

"ऐकलं," ती म्हणाली. "चरा पडलाय रेकॉर्डला."

तिने पिशवीतून तालमीसाठी मागून आणलेली दुकानदाराची रेकॉर्ड काढून लावली. बास चढला, चढत गेला, एकेक पायरी घेत, सरळ. कुठे उडी नाही.

डॉक्टरांनी सॅक्सोफोनचं तोंड रुमालाने पुसायला घेतलं, ते पुसतच राहिले. इतकी वर्षं अख्खा क्लब एका चऱ्यावर नाचत होता. त्या उडीवर सगळ्या जोड्या एकदम गर्रकन वळत. पोरंटोरंसुद्धा.

"म्हणजे बाबा चुकीचं वाजवत होते, असं म्हणायचंय तुला?" भाऊ म्हणाला.

"मी कुठे म्हणते? सुई म्हणतेय."

"तुला काय माहीत बाबांचं? शनिवारी कधी आलीस? शेवटी तरी कुठे होतीस तू?"

तिने बास गळ्यातून काढली आणि खुर्चीवर ठेवली. हळू ठेवली.

"बोर्डावर होते. कुठे असणार? तुला माहीत होतं मी बोर्डावर आहे. एक फोन करायचा होतास."

"केला होता."

"खोटं बोलू नकोस."

"केला होता म्हणतो ना. बाबा गेल्यावर लगेच. हॉस्पिटलच्या दारातून. तूच उचललास." त्याने ड्रमची एक काडी उचलली, परत ठेवली. "तू म्हणालीस, नंबर? मग पुन्हा म्हणालीस, नंबर सांगा. मी काय नंबर सांगू? ठेवून दिला."

तिने आठवून पाहिलं. असे मुके फोन रोज यायचे. कुणी चुकून उचललेले, कुणी मन बदललेले. दोनदा विचारायचं आणि दोरी ओढायची. त्या दुपारचा कुठला होता, तिला काही केल्या आठवेना. आपण त्याला तोडला, हेही तिला आठवेना. त्याचाच तिला अधिक संताप आला.

"मग बोलायचं होतंस."

"जमलं नाही."

"जमलं नाही? परकी माणसं मला रडत रडत सांगतात, बाई, आमची आई गेली, लवकर लावून द्या. त्यांना जमतं. तू नुसतं 'मी आहे' म्हणाला असतास तरी मला कळलं असतं."

"म्हणून तर नाही म्हणालो," भाऊ म्हणाला. "सगळ्या बायका बसलेल्या तिथे. तू त्या खुर्चीवर, कानाला ते लावून."

"म्हणून मग मी ते सेक्रेटरीकडून ऐकलं. त्याच खुर्चीवर. कानाला तेच लावून."

भावाने तिच्याकडे पाहिलं. हे त्याला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते फक्त तिलाच माहीत होतं.

तिने बास पिशवीत घातली आणि ती निघून गेली. डॉक्टर मागे दारापर्यंत आले. "शनिवारी नाच आहे. मला तोंडघशी पाडू नकोस," एवढंच म्हणाले.

तो आठवडा तिने दात-ओठ खाऊन काढला. बोर्डावर कुणी क्षणभर गप्प राहिलं की ती दोरी ओढायची नाही. थांबायची, पुन्हा विचारायची, पुन्हा. सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, "झोप लागलीय का बाई तुम्हाला?" संध्याकाळी ती बास घेऊन बसायची. भाऊ खरा की खोटा, यावर विचार करून करून डोकं पिकलं, पण एक गोष्ट तिने ठरवून टाकली. भर क्लबात, चारचौघांत, बापाला चुकीचं ठरवायचं काम तिच्या हातून व्हायचं नाही. भावासाठी नव्हे. भाऊ गेला खड्ड्यात. शिकलेली ओळ विसरणं शिकण्याहून कठीण निघालं. बोट सवयीने पायऱ्या चढायचं, आणि तिने ते दर वेळी ओढून वर नेऊन टाकायचं. शुक्रवारपर्यंत उडी बसली.

शनिवारी तिने ड्यूटी बदलून घेतली. क्लबच्या हॉलमध्ये ती पहिल्यांदा उभी राहिली. पिवळे बल्ब, घासलेली लाकडी जमीन, भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर डेपोतली माणसं आणि त्यांच्या बायका. ड्रायव्हर, कंडक्टर, फिटर, सगळे इस्त्रीच्या शर्टात. अगदी जवळच्या खुर्चीवर वहिनी. भावाने तिच्याकडे पाहिलं नाही. तिनेही नाही. पहिली चार-पाच गाणी बरी गेली. मग ते गाणं आलं.

ती चढली, आणि तिने उडी मारली.

भावाने मारली नाही. तो सरळ गेला, एकेक पायरी घेत, दुकानदाराच्या रेकॉर्डवर होतं तसा. तोही आठवडाभर बसला होता. घरी, उशीवर काड्या मारत, बाबांची उडी हातातून काढून टाकत.

दोन ठोक्यांचं अंतर पडलं आणि त्यात सगळा क्लब सापडला. अर्ध्या जोड्या वळल्या, अर्ध्या वळल्या नाहीत. एका कंडक्टरने बायकोच्या पायावर पाय दिला. ती कळवळली आणि त्याला रागाने काहीतरी म्हणाली, ते सगळ्यांनी ऐकलं, कारण तोपर्यंत सॅक्सोफोन एक चिरका आवाज काढून बंद पडला होता. गायिका माईक धरून तशीच उभी. कुणीतरी मागून म्हणालं, "ब्रेक फेल."

ती गर्रकन मागे वळली. रागाने तिचा आवाज फाटला होता.

"सांगायचं होतंस."

"तू तरी कुठे सांगितलंस?" भाऊ म्हणाला. त्याचाही चेहरा लाल झाला होता.

"मी बाबांचं वाजवणार होते. तुला कळायला नको?"

"आणि मी तुझं. तुला नको?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. लोक बघत होते. कुणी हसलं नाही, बहुधा त्यांच्या तोंडाकडे बघून हिंमत झाली नसावी.

"आता कुठलं?" भावाने विचारलं.

"बाबांचं."

"नक्की?"

"एकदा सांगितलं ना."

त्याने काड्या एकमेकींवर आपटून चार मोजले. ती चढली. उडीच्या जागी मोठ्या ड्रमच्या पेडलवर त्याचा पाय आणि तारेवर तिचं बोट एका क्षणी पडलं, आणि समोरचा सगळा हॉल एकदम वळला. तिचा राग जिथल्या तिथे होता. पण त्या रात्री पहिल्यांदाच ती पुढे पळाली नाही.

पुढे बरीच वर्षं बँड चालला. मग क्लबाने टेप आणि मोठे स्पीकर आणले. डॉक्टरांची बत्तीशी आधी गेली आणि सॅक्सोफोन सुटला. दातांच्या डॉक्टरालाच खोटे दात, असं ते स्वतःच सांगायचे, आणि तसेच हसत हसत एका हिवाळ्यात गेले. गायिकेने दुकान वाढवलं, मुली ठेवल्या. शेवटपर्यंत कात्री चालवताना गुणगुणायची. रेडिओचा दुकानदार मुलाकडे गेला, त्याचा पुढे पत्ता लागला नाही. एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं. बोर्ड भंगारात निघाला, आणि तिला तक्रारींच्या काउंटरवर बसवलं. तिथून ती निवृत्त झाली. लग्न केलं नाही.

भावाबरोबर ती दर शनिवारी वाजवायची, आणि त्याच्याशी भांडायची. त्या दुपारचं तिने त्याला माफ केलं का, हे वहिनीने एकदा विचारलं. "नाही," ती म्हणाली, आणि ताटात आणखी वाढून घेतलं. भाऊ डेपोतून निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत गेला. झोपेतच. वहिनी अजून आहे; तिला आता माणसं ओळखू येत नाहीत.

दुसऱ्या कुठल्या ड्रमवाल्याबरोबर ती बसली नाही. शनिवारी संध्याकाळी ती आपल्या खोलीत बास घेऊन बसते. खालच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय. त्यांची मुलगी आईला म्हणाली, "वरच्या आजी वाजवता वाजवता मध्येच थांबतात गं. विसरतात बहुतेक."

ती विसरत नाही. तिथे त्याचा पाय पडायचा. ती त्याला जागा सोडते, आणि मग पुढे जाते.